तुम्ही विचारलंत म्हणून: घाण्यातून किती सुटतं?

आमच्या करडईच्या तेलाच्या घाण्यातून महिन्याला किती सुटतं, हे मला लग्नाच्या पंगतीतही विचारतात आणि बँकेच्या रांगेतही. पुढचं वाक्य ठरलेलंच असतं: "आमच्या पोराला टाकून द्यायचाय एखादा घाणा. नोकऱ्या कुठं राहिल्यात?" मी "पोटापुरतं" म्हणते, तर समोरच्याला वाटतं ताई आकडा लपवायल्यात. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मशिनीचा भाव तुम्ही माझ्याआधी काढलेला असतो. लहान खाद्यउद्योगांना ३५ टक्के अनुदानाची सरकारी योजनाही पाठ असते. १० लाखांपर्यंत अनुदान आहे, खरंय, पण ते हातात पडत नाही. कर्जखात्याला लागून राहतं आणि हप्ते नीट गेले तर ३ वर्षांनी कर्जात वळतं होतं. शिवाय ते यंत्राला असतं, आणि घाणा चालतो करडईवर. करडई निघते फेब्रुवारी-मार्चात. त्या दीड-दोन महिन्यांत वर्षभराचा माल घरात येऊन पडला पाहिजे. लातूरच्या आडतीवर पावसाळ्यात करडई मागायला गेलात तर भाव ऐकून रिकामे परत याल. पूर्वी ज्वारीच्या रानात करडईचे पट्टे असायचे. आता खरिपाला सोयाबीन, रब्बीला हरभरा. काट्याच्या पिकात हातापायाला फडकी गुंडाळून उतरायला मजूर तयार नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

आता हिशेब. २०२४ चा हमीभाव धरा, क्विंटलला ५,८०० रुपये. आमच्याकडं क्विंटलमागं २५-२६ किलो तेल निघतं. पेंडीचे हजार-दीड हजार येतात. म्हणजे नुसत्या बियाण्याचेच तेलाला किलोमागं पावणेदोनशेच्या घरात जातात. त्यावर बाटली, लेबल, वीज, कामावरच्या पोरीचा पगार, वाहतूक आणि दुकानदाराचं मार्जिन. "तुमचं तेल लई महाग हो" म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. मशिनीला लागतात त्याहून जास्त पैसे करडईत आणि उधारीत अडकून राहतात. खेळतं भांडवल म्हणतात त्याला. आमचं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या गल्ल्यात खेळत असतं.

पुण्यातलं एक दुकान आमचं तेल घ्यायचं. २०२३ च्या दिवाळीआधी त्यांनी नेहमीच्या चौपट माल मागवला. आम्ही ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोकी टाकून पाठवून दिली. बिल दीड लाखाच्या वर. पैसे "या आठवड्यात" येणार होते, मग "जीएसटीचं झालं की", मग साहेब बाहेरगावी. असं करत मार्च उजाडला, करडई बाजारात यायला लागली आणि आमच्या हातात दमडी नाही.

त्याच महिन्यात ज्याच्या त्याच्या तोंडी ४५ दिवसांचा नियम होता. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, हा कायदा २००६ पासूनचा. देणारे देत नव्हते आणि आमच्यासारखे मागत नव्हते. २०२३-२४ च्या हिशेबापासून आयकरात नवं कलम लागलं: असे पैसे मुदत उलटूनही ३१ मार्चपर्यंत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही, म्हणजे कागदावरचा नफा फुगणार आणि त्यावर कर बसणार. आमच्या घरात आनंदीआनंद. हे म्हणाले, "आता बघ, ३१ मार्चच्या आत झक मारत देतील."

मार्चच्या शेवटी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून फोन आला. "ताई, तुमची खोकी आलीत. घेऊन जावा." आमचीच खोकी, आमचीच चिकटपट्टी, काहींची तर फोडलेलीसुद्धा नाही. सोबत चिठ्ठी: मालाला उठाव नाही, परत. मी दुकानात फोन लावला. हिशेब बघणारा पोरगा गोड बोलायचा. "मॅडम, सीए म्हणाले उद्यमवाल्यांची बाकी ३१ तारखेला दिसायला नको. पैशाची सोय नाही, म्हणून शिल्लक माल पाठवला. विकलेल्याचं बघू नंतर. मनावर घेऊ नका." उद्यम म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी. माझं ते सर्टिफिकेट मी फ्रेम करून घाण्याच्या वर लावलं होतं. त्या कागदामुळंच माल घरी आला.

बाटलीवर ६ महिन्यांची मुदत. त्यातले ५ महिने त्यांच्याकडं गेलेले. दुसरं कोणतं दुकान घेणार? सासूबाई, मी आणि कामावरची पोरगी ओसरीत बसलो. बूच फिरवायचं, वास घ्यायचा, चांगलं तेल एका पिंपात, खवट दुसऱ्यात. काही बाटल्या काचेजवळ उन्हात उभ्या केलेल्या असणार, त्यांचा रंगच उतरला होता. दुपारनंतर माझ्या नाकाला काही कळेना. मग सासूबाई थेंब तळहातावर चोळून हुंगायच्या आणि नुसती मान हलवून पिंप दाखवायच्या. चांगलं निघालं ते भावकीत आणि गल्लीत पडत्या भावानं गेलं. खवट दिव्याला. बाटल्यांची लेबलं गरम पाण्यात भिजवून खरवडली, तरी डिंक राहिलाच.

त्या वर्षीची करडई सासऱ्यांच्या सोयाबीनवर आली. २०२१ च्या ऑगस्टात लातुरात सोयाबीन १० हजारांच्या वर गेलेलं त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं, तेव्हापासून पोती विकायचं नाव काढलं की "थांब जरा". २०२४ च्या मार्चात हमीभाव ४,६०० होता आणि बाजार त्याच्याही खाली. ते आडतीवरून आले, विक्रीची पट्टी माझ्यापुढं टाकली, "घे तुझी करडई" म्हणाले आणि पुढं कितीतरी दिवस माझ्याशी सरळ बोलले नाहीत.

लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठी सरकारचं समाधान पोर्टल होतं, त्यावर तक्रार का केली नाही, असंही विचारतात. माल परत आल्यावर राहिलेल्या थोड्या बाकीसाठी केस घालायची, आणि उरलेल्या चार दुकानांना "ही बाई तक्रार करते" हे कळू द्यायचं? याला भित्रेपणा म्हणायचं असेल तर म्हणा. तुमच्याकडं दुसरी चार दुकानं असतील तर त्यांची नावं द्या, मी उद्या तक्रार करते.

बचत गटांच्या मेळाव्यात मी पूर्वी माईक धरून सांगायचे, "हिंमत करा बायांनो, भांडवल येतं मागून." ते भाषण आठवलं की अंगावर काटा येतो. भांडवल कुणाच्या तरी थप्पीतूनच येतं. गटातल्या बाईला खाद्यउद्योगासाठी ४० हजारांपर्यंत बीज भांडवल मिळतं, हे मी आजही आवर्जून सांगते, पण त्यात हमीभावानं ७ क्विंटल करडईसुद्धा बसत नाही. हे त्या माईकवाल्या बाईला कुणी आधी सांगितलं असतं तर तिनं घाणा घातलाच नसता, आणि घातला नसता तर मला आज बरं वाटलं असतं असंही नाही. तिचं माझं अजून जमलेलं नाही.

आकडा पाहिजेच असेल तर घ्या: वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला १५ ते १८ हजार. त्यात माझी आणि ह्यांची मजुरी धरलेली नाही. सासऱ्यांच्या सोयाबीनचं व्याज तर मुळीच नाही.

गेल्या दिवाळीआधी त्याच दुकानातून फोन आला. पोरगा नवा होता, मागचं त्याला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक तुमचंच तेल मागतंय म्हणाला. निम्मे आगाऊ पाहिजेत म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी खात्यात आले. हे नको म्हणत होते. मी माल पाठवला. उरलेले निम्मे अजून यायचेत.