दीड तासाचं कनेक्शन: विमानाच्या दारापासून पुढच्या गेटपर्यंत

परतीच्या प्रवासात विमान बदलायचं असेल, तर तिकिटावर मी सगळ्यात आधी मधल्या थांब्याच्या दोन वेळा बघते. समजा पहिलं विमान ५:१० ला पोचतं आणि दुसरं ६:४० ला सुटतं. हातात दीड तास आहे असं वाटतं, पण तो तेवढा नसतो.

५:१० ही चाकं टेकण्याची वेळ नाही. विमान धावपट्टीवरून येऊन आपल्या जागी उभं राहतं, ती ही वेळ. मग पूल जोडला जातो, दार उघडतं, आणि तीनशे माणसांचं विमान रिकामं व्हायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. चाळिसाव्या रांगेतला माणूस साडेपाचच्या आसपास बाहेर पडतो. दुसरीकडे ६:४० ही पुढचं विमान जागेवरून मागे ढकललं जाण्याची वेळ. त्याचं गेट कंपनीप्रमाणे १० ते २० मिनिटं आधीच बंद होतं. ६:२० धरा. दीड तासातली ५० मिनिटं उरली, आणि त्यातच सिक्युरिटी, कदाचित पासपोर्ट तपासणी, टर्मिनल बदलणं आणि चालणं. पहिलं विमान पुलाला न लागता लांब मैदानात उभं केलं, तर बस आली. ती भरल्याशिवाय हलत नाही, म्हणजे आणखी दहा मिनिटं गेली. म्हणून पुढची सीट पैसे देऊन घ्यायचीच असेल तर ती पहिल्या विमानात घ्यावी. दुसऱ्यात कुठेही बसलात तरी चालतं.

दोन विमानांत किमान किती वेळ हवा हे प्रत्येक विमानतळासाठी ठरलेलं असतं. त्याला मिनिमम कनेक्टिंग टाइम म्हणतात. फ्रँकफर्ट ४५ मिनिटं सांगतं, व्हिएन्ना तर २५ मिनिटांची जाहिरात करत आलं आहे. कंपनी कोणती, कुठल्या टर्मिनलमधून कुठल्या टर्मिनलमध्ये जायचं, यावर हा आकडा बदलतो. एकाच तिकिटावर यापेक्षा कमी वेळाचं कनेक्शन सहसा विकलंच जात नाही. पण हा हिशोब वेळेवर आलेल्या विमानाचा आणि भराभर चालणाऱ्या, वाट माहीत असलेल्या माणसाचा आहे. त्यावर विसंबून तिकीट काढू नये. एकाच टर्मिनलमध्ये बदल असेल तर दोन तास, टर्मिनल बदलत असेल तर तीन, आणि मध्येच इमिग्रेशन करून बॅग घेऊन पुन्हा द्यायची असेल तर चार, असा माझा हिशोब. शिवाय त्याच मार्गावर पुढचं विमान कधी आहे हेही बघावं. दिवसातून चार विमानं असतील तर एक चुकल्याने आभाळ कोसळत नाही. एकच असेल तर पूर्ण दिवस जातो.

वेळेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिकीट एक आहे की दोन. दोन्ही विमानं एकाच सहा अक्षरी पीएनआरवर असतील, तर पहिलं उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तरी पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेला प्रवासी असता. तिकीट जातं, आणि बरेचदा त्यावरचे पुढचे टप्पेही रद्द होतात. बॅगही पहिल्याच विमानतळावर बाहेर येते. ती घ्यायला त्या देशात शिरावं लागतं, आणि शिरायला व्हिसा लागू शकतो. तिकीट विकणाऱ्या काही साइट हे ‘सेल्फ ट्रान्सफर’ अशा बारीक अक्षरांत लिहितात. ते दोन शब्द दिसले की खाली पूर्ण वाचल्याशिवाय पैसे भरू नका. एकाच तिकिटावरही काही देशांत ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे नुसतं विमान बदलण्यासाठीचा व्हिसा, लागतो. काउंटरवरचा कर्मचारी हे टिमॅटिक नावाच्या माहितीसाठ्यात बघून ठरवतो. त्यात ‘नाही’ आलं तर तो बसू देत नाही, वाद घालून उपयोग नसतो. नियम बदलत राहतात, म्हणून प्रवासाच्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासावं.

चेक-इनला बॅग पट्ट्यावर चढली की लगेच वळू नका, आधी टॅग वाचा. मोठ्या अक्षरांत छापलेला तीन अक्षरी कोड तुमच्या शेवटच्या विमानतळाचा हवा. मधल्या विमानतळाचा असेल तर बॅग तिथेच उतरेल, तेव्हा तिथल्या तिथे विचारा. टॅगवर दहा आकडी नंबर असतो: पहिला एक अंक, मग तीन अंकी कंपनीचा कोड, मग सहा अंकी बॅगेचा क्रमांक. एमिरेट्सचा कोड १७६, लुफ्तान्साचा २२०, कतारचा १५७. हाच नंबर असलेली छोटी चिकटपट्टी तुमच्या बोर्डिंग पासवर किंवा पासपोर्टच्या पाठीवर लावलेली असते. तिचा फोटो काढून ठेवा, आणि टॅग लावलेल्या बॅगेचाही. मागच्या प्रवासाचे टॅग आणि बॅगेच्या कडेला चिकटलेले इवलेसे बारकोड काढून टाकले आहेत ना, हेही बघा. खालच्या मजल्यावर बॅगा वेगाने पळत असतात आणि स्कॅनर त्यांचे बारकोड वाचून रस्ता ठरवतो. जुना बारकोड वाचला गेला की बॅग बाजूला पडते, मग माणसाने हातात घेऊन बघेपर्यंत तुमचं विमान गेलेलं असतं. जगभर बॅगा मागे राहण्याचं सगळ्यात मोठं कारण विमान बदलणं हेच आहे.

विमान उतरल्यावर पहिला फाटा येतो. एक बाण ‘अरायव्हल्स’ किंवा ‘बॅगेज क्लेम’कडे जातो, दुसरा ‘ट्रान्सफर’ किंवा ‘कनेक्टिंग फ्लाइट्स’कडे. गर्दी पहिल्या बाणाकडे वळते, आणि झोपेत माणूस गर्दीमागे जातो. एकदा इमिग्रेशनच्या रांगेत शिरलात की मागे यायला खूप वेळ मोडतो. हीथ्रोवर कनेक्शनच्या पाट्या जांभळ्या आहेत. रंग ध्यानात ठेवला की वाचत बसावं लागत नाही. फाट्याशी थांबून पहिल्याच पडद्यावर आपलं गेट बघावं. बोर्डिंग पासवर छापलेलं गेट कित्येक तास जुनं असतं, त्यावर चालू लागू नये. पडद्यावर शोधताना गावाच्या नावाऐवजी फ्लाइट नंबर शोधा. एकाच विमानाला दोन-तीन कंपन्यांचे नंबर असतात आणि पडदा ते आलटून पालटून दाखवतो, तेव्हा दहा-पंधरा सेकंद थांबून खात्री करा.

अंतराचा अंदाज इथे चुकतो. दुबईला टर्मिनल ३ मध्ये बी आणि सी कॉन्कोर्स (गेटांच्या लांबलचक इमारती) चालत जोडलेले आहेत, पण ए ला जायला ट्रेन आहे. हीथ्रोवर टर्मिनल ३ आणि ५ मध्ये बस आहे आणि पोचल्यावर पुन्हा सिक्युरिटी. फ्रँकफर्टला ए गेटांच्याच वरच्या मजल्यावर झेड गेटं आहेत. खिडकीतून दिसणारं विमान तेच, पण ए शेंगेन भागात (आपापसात पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट) आणि झेड त्याच्या बाहेर, दोन्हींच्या मध्ये पासपोर्टची रांग. शेंगेनमधल्या एखाद्या शहरातून फ्रँकफर्टमार्गे शेंगेनबाहेर जाणाऱ्याचं बाहेर पडण्याचं इमिग्रेशन पहिल्या शहरात होत नाही, ते फ्रँकफर्टलाच होतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन हद्दीवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणं टप्प्याटप्प्याने सुरू झालं, त्यामुळे या रांगेसाठी जास्त वेळ धरावा. गेट जवळ असलं तरी हा टप्पा आधी उरका, मगच चहा-कॉफी.

सिक्युरिटी पुन्हा होईल असं धरूनच चला. आधीच्या विमानतळावर तपासणी झालेली असली तरी बहुतेक ठिकाणी ती नव्याने करतात. परतीच्या प्रवासात नेमकं इथे नुकसान होतं, कारण बॅगेत खरेदी असते. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला, तेव्हापासून हातातल्या सामानात १०० मिलिलीटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. नव्या सीटी स्कॅनरमुळे काही विमानतळांनी हा नियम सैल केला आहे. पण वाटेतल्या सगळ्यात कडक विमानतळाचा नियम तुमचा नियम. ड्यूटी फ्रीची बाटली लाल किनारीच्या सीलबंद पिशवीत, आत पावती दिसेल अशी असेल, तर बऱ्याच ठिकाणी चालते. पिशवी घरी पोचेपर्यंत फोडायची नाही. शक्य असेल तर ही खरेदी शेवटच्या मोठ्या विमानाआधीच्या थांब्यावरच करा, शेवटच्या सिक्युरिटीनंतर. मध, लोणचं, जॅम, परफ्यूम, शाम्पू हे सगळं द्रवातच मोजतात, ते आधीच मोठ्या बॅगेत टाका. पॉवर बँक मात्र मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातच हवी आणि १०० वॉट-अवरच्या आत. २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-अवरची असते, त्यामुळे ती बसते.

गेटशी पोचल्यावर घड्याळ तपासा. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावाची असते. विमान मोडवर ठेवलेला फोन जुनीच वेळ दाखवत राहतो. पडद्यावरच्या घड्याळाशी ताडून मगच झोपेचा गजर लावा. मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर तारीखही बघा: १५ तारखेला ००:४० म्हणजे १४ च्या रात्री विमानतळावर असायला हवं. बऱ्याच मोठ्या विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही, तेव्हा कानांवर विसंबू नका. दुसरा बोर्डिंग पास आधीच्या कंपनीने छापलेला असेल, तर गेटच्या यंत्रावर कधी कधी लाल दिवा लागतो. घाबरायचं कारण नसतं, पासपोर्ट आणि व्हिसा तपासायचा राहिलेला असतो. पण हे शेवटच्या दोन मिनिटांत होऊ नये म्हणून आधीच गेटवरच्या कर्मचाऱ्याला कागद दाखवावेत.

वयस्क आईवडील एकटे येणार असतील तर व्हीलचेअर मागा. चालता येत असलं तरी मागा, हे मी आग्रहाने सांगते. लांब अंतर आणि परक्या भाषेतल्या पाट्या या दोन्हींचं ओझं उतरतं. युरोपच्या नियमात ४८ तास आधी कळवायचं असतं आणि इतरत्रही तेवढं धरावं. बुकिंगमध्ये ती नोंद कोडने होते: लांब चालता येत नाही पण जिना चढता येतो त्याला डब्ल्यूसीएचआर, जिनाही जमत नाही त्याला डब्ल्यूसीएचएस, पूर्ण मदत लागते त्याला डब्ल्यूसीएचसी. कोड दोन्ही टप्प्यांवर पडला आहे ना, हे फोन करून विचारा, कारण पहिल्या टप्प्यावर असतो आणि दुसऱ्यावर गळतो, असं होतं. व्हीलचेअरचे प्रवासी विमानातून शेवटी उतरतात, म्हणून त्यांच्यासाठी दीड तासाचं कनेक्शन घेऊच नये. त्यांच्या खिशात एक कागद ठेवा: दोन्ही फ्लाइट नंबर, मधल्या विमानतळाचं नाव, घरच्या माणसाचा फोन, औषधांची नावं. विमानतळाच्या वायफायला कधी ओटीपी लागतो आणि परदेशी सिम बंद पडलेलं असतं, तेव्हा सगळा भरवसा फोनवर नको.

पहिलं विमान उशिरा निघतंय हे दिसलं की हवेतच हालचाल सुरू करा. कर्मचाऱ्याला सांगा. कधी कमी वेळाच्या प्रवाशांना पुढे आणून बसवतात. उतरल्यावर नेटवर्क आलं की आधी कंपनीचं ॲप उघडा. बरेचदा नवीन विमान त्यात आधीच टाकलेलं असतं. नसेल तर ट्रान्सफर डेस्कच्या रांगेत उभं राहा आणि त्याच वेळी कंपनीला फोनही लावा, जिथे आधी काम होईल ते घ्या. रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि जेवणाचं कूपन स्वतःहून मागा. युरोपीय संघातून निघालेल्या प्रवासाला २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो: एकाच बुकिंगवर शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि चूक कंपनीची असेल, तर ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते. वादळ किंवा हवाई नियंत्रणाचा खोळंबा त्यात बसत नाही. दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवा आणि उशिराचं कारण लेखी मागा.

घरच्या देशात पोचूनही पुढे देशांतर्गत विमान असेल, तर आणखी एक पायरी असते. अमेरिकेसारख्या देशांत पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं, तिथेच बॅग पट्ट्यावरून उचलावी लागते, कस्टम्समधून न्यावी लागते आणि बाहेरच्या ट्रान्सफर पट्ट्यावर पुन्हा टाकावी लागते. टॅगवर शेवटच्या गावाचं नाव असलं तरी. ड्यूटी फ्रीची बाटली मोठ्या बॅगेत टाकायची शेवटची संधी हीच, कारण पुढे पुन्हा सिक्युरिटी आहे.

आणि शेवटी पट्टा फिरून थांबला तरी बॅग आली नाही, तर हॉलच्या बाहेर पडू नका. आतच शेवटच्या विमान कंपनीचं बॅगेज काउंटर असतं. तिथे टॅगची पट्टी आणि बॅगेचा फोटो दाखवून पीआयआर, म्हणजे बॅगेच्या तक्रारीचा फॉर्म, भरून घ्या. त्यावर तीन अक्षरी विमानतळ, दोन अक्षरी कंपनी आणि पाच आकडे असा दहा जागांचा क्रमांक मिळतो, त्यावरच पुढचा सगळा तपास चालतो. मॉन्ट्रियल करारानुसार मोडलेल्या बॅगेची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची ती मिळाल्यापासून २१ दिवसांत करायची असते. यायच्या दिवसापासून २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं मानता येतं. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे. दरम्यान लागलेल्या कपड्यांच्या आणि साबण-ब्रशच्या पावत्या त्याच पाकिटात ठेवा.