हे ऊन फेडावं लागणार

मे महिन्यातली सकाळ होती. रात्रभर पडून पाऊस दमलेला, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं निळं, कुंपणाच्या काटेरी झाडांवर पांढरा फुलोरा. मी फाटकाशी उभ्या असलेल्या शेजारच्या थोरल्यांना म्हणालो, "काय झकास दिवस आहे!" थोरल्यांनी आभाळाकडे पाहिलं. जुनी उधारी ठेवून गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा दुकानात शिरावं, तेव्हा वाणी पाहतो तसं. मग म्हणाले, "हे ऊन फेडावं लागणार बघ आपल्याला."

आयर्लंडच्या वायव्येला लिट्रिम नावाची काउंटी आहे, तिथे मी राहतो. बायको स्लायगोला नर्स आहे, मी घरात बसून संगणक बडवतो. प्रजासत्ताकातली ही सगळ्यात कमी वस्तीची काउंटी. 2022 च्या जनगणनेत इथे 35 हजारांच्या आसपास माणसं भरली. अख्ख्या देशात माणसं 51 लाख आणि गुरं 65-70 लाखांच्या घरात, त्यामुळे खिडकीतून कोण जास्त दिसतं हे सांगायला नको. आमच्या खिडकीतून शेजारच्या दोघा भावांची गुरं दिसतात. दोघेही सत्तरी ओलांडलेले, दोघेही बिनलग्नाचे, एकाच चुलीवर जेवणारे. एकाने काही म्हटलं की दुसऱ्याने ते खोडून काढायचं, असा त्यांचा गेल्या साठेक वर्षांचा रिवाज दिसतो. थोड्या गाई, त्यांची वासरं आणि बाजारातून आणून वाढवलेले खोंड. आमच्या आईला मी फोनवर "शेजारी गाई आहेत" एवढंच सांगितलंय. त्या दुधाच्या नाहीत, हे पुढचं वाक्य सहा वर्षं घशात अडकलंय.

जमीन साठ एकर, पैकी वीसेक एकरांवर नुसता लव्हाळा. लिट्रिममध्ये जमीन एकराने नाही, गॅलनने विकतात, हा इथला जुना विनोद मला आजवर निदान चाळीस जणांनी ऐकवलाय. प्रत्येकाने आपलाच असल्यासारखा. मी दर वेळी हसतो. शेजारधर्म आहे तो.

आता मी मूळचा माणदेशातला. पावसाची वाट बघणं एवढंच ज्या मुलखाचं बारमाही पीक, तिथल्या माणसाने पावसाला शिव्या देणाऱ्यांच्या शेजारी येऊन राहावं, हा एक योगायोगच. पण गंमत अशी की त्यांची कुरकुर मला पहिल्या दिवसापासून मराठीतच ऐकू येते, तीही चांगली म्हसवडकडच्या वळणाची. "कसं काय?" विचारलं की धाकटे म्हणतात, "तक्रार नाही." एवढं बोलून श्वास घेतात आणि सुरू करतात. माझे आजोबाही अगदी असेच "बरं चाललंय" म्हणून दीर्घ श्वास घ्यायचे. त्या श्वासानंतर समोरच्याने चपला काढून बसायचं असतं, हे दोन्हीकडे ठाऊक आहे.

एकदा मी त्यांना 2013 ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी आमच्याकडची जनावरं चाऱ्यावाचून छावण्यांत नेऊन बांधली होती. थोरले एकदम म्हणाले, "तेराला? तेव्हा आमचीही तीच गत!" आदला उन्हाळा सगळा पावसात वाहून गेला होता, वसंतात थंडी हटेना, गवत उगवेना. हिरव्यागार म्हणून जगभर मिरवणाऱ्या या देशाने तेव्हा इंग्लंड-फ्रान्सहून वाळलेलं गवत बोटींतून आणलं. तिकडे पाऊस नाही म्हणून वैरण नाही, इकडे पाऊस हटत नाही म्हणून वैरण नाही. त्या दिवसापासून थोरल्यांच्या लेखी मी 'संगणकवाला' राहिलो नाही. "याच्याकडेही असतात गुरं" असं ते पबमध्ये लोकांना सांगू लागले. आमच्याकडे सध्या एक मांजर आहे.

रडगाणं हे इथलं शिष्टाचाराचं अंग आहे. आपलं बरं चाललंय असं उघड म्हणणं म्हणजे जवळजवळ असभ्यपणा. आमच्याकडे नजर लागू नये म्हणून तीट लावतात, इथे तक्रार लावतात. 2019 साली मांसाचा भाव किलोला साडेतीन युरोच्या आसपास घसरला होता, तेव्हा शेतकरी कारखान्यांच्या फाटकांवर ठिय्या देऊन बसले. खरंच वाईट दिवस होते ते. मग 2025 च्या वसंतात भाव सात युरोंच्या वर गेला. मी पेपर घेऊनच त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो. म्हटलं, "आता तरी?"

"आता काय?" थोरले म्हणाले. "खोंड महाग विकायचा, आणि त्याच्या जागी वासरू आणायचं ते कुठल्या भावाने?"

"आणि पुढच्या वर्षी पडला भाव, की महाग घेतलेलं स्वस्तात द्या," धाकटे.

दोघांचं एकमत झालेलं मी पाहिलं ते तेवढंच.

त्यांच्या तोंडी 'फॅक्टरी' शब्द आला की मला घरी आल्यासारखं वाटतं. आमच्या भागात कारखाना म्हणजे साखरेचा, यांचा कत्तलीचा. बाकी सगळं तेच. पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर 'काटा मारतात' हे दोन शब्द उच्चारा, पुढचा तास निवांत जातो. इथे काट्याऐवजी प्रतवारी. कापलेल्या जनावराच्या अंगलटीला ई, यू, आर, ओ, पी अशी अक्षरं देतात आणि चरबीला एक ते पाच आकडे. त्यावर भावात कमी-जास्त. पूर्वी हे काम माणूस करायचा, तेव्हा सगळे त्याच्या नावाने बोटं मोडायचे. आता यंत्र करतं. थोरल्यांच्या मते त्या यंत्राला चष्मा लागलाय. वर्षभर हाताने खाऊ घातलेला, मागून दारासारखा रुंद खोंड 'ओ' निघतो म्हणजे काय! "शाळेत मलाही मास्तर असेच मार्क द्यायचे," धाकटे म्हणाले. "तुला बरोबर दिले होते," थोरले.

गुरांच्या बाजाराला इथे 'मार्ट' म्हणतात. मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा धाकट्यांनी बजावलं होतं, नाक खाजवू नकोस, घरी खोंड घेऊन जावं लागेल. मध्ये लोखंडी कठड्याचं रिंगण, भोवती पायऱ्या, पायऱ्यांवर टोप्या. जनावर आत येतं, डोक्यावरच्या फलकावर त्याचं वजन आणि शेवटच्या टीबी तपासणीची तारीख झळकते, आणि लिलाव पुकारणारा जे बोलू लागतो ते इंग्रजी आहे असं मला सांगण्यात आलं. बोली लावणारे मात्र दिसतच नाहीत. थोरले भुवई सूतभर हलवतात, पलीकडचा एक हेडी कठड्यावरचं बोट उचलतो, संपलं. मला लहानपणी आजोबांबरोबर पाहिलेली खरसुंडीची यात्रा आठवली. तिथे खिलारांचा सौदा रुमालाखाली हात घालून बोटांनी चालायचा. सगळ्यांसमोर भाव करायचा आणि कुणालाच कळू द्यायचा नाही, ही विद्या दोन्ही मुलखांत सारखीच मुरलेली.

सौदा झाल्यावर विकणारा घेणाऱ्याच्या हातात थोडे पैसे परत ठेवतो. हे नशिबाचे पैसे. त्या दिवशी थोरल्यांच्या हातात दहाची नोट पडली. घरी येईपर्यंत गाडीत त्याच नोटेवर चर्चा.

"दोन हजारांच्या खोंडामागे दहा?" धाकटे.

"नशीब आहे ते. विमा नव्हे."

"दहाचं नशीब किती दिवस पुरतं?"

जनावराबरोबर त्याचा पासपोर्टही हाती येतो. खरोखरचा, जन्मतारीख आणि आईच्या बिल्ल्याच्या क्रमांकासह. वासरू जन्मलं की वीस दिवसांत दोन्ही कानांत पिवळे बिल्ले आणि सत्ताविसाव्या दिवसाच्या आत नोंदणी. मला इथल्या नागरिकत्वाचा नुसता अर्ज करण्यासाठी पाच वर्षं थांबावं लागलं, हे मी बोलून गेलो. त्यावर थोरल्यांनी गंभीरपणे विचारलं, "कान टोचून घ्यायची तयारी होती का तुझी?"

सगळ्यात आवडती तक्रार मात्र स्लरीची. हिवाळ्यात गुरं गोठ्यात, आणि गोठ्याच्या फटींच्या जमिनीतून शेणमूत खालच्या टाकीत साठत जातं. ते शेतात कधी फवारायचं हे कायद्याने ठरलेलं. नद्या-तळ्यांत जाऊ नये म्हणून लिट्रिमसारख्या ओल्या भागात 1 ऑक्टोबर ते 31 जानेवारी बंदी. आता ऑक्टोबरात एखादा आठवडा खणखणीत कोरडा जातो. टाकी भरत आलेली, ट्रॅक्टर तयार, आणि थोरले हात खिशात घालून शेताकडे बघत उभे. "कॅलेंडर बघून शेती!" एवढे तीनच शब्द, पण त्यांत युरोपियन युनियन, डब्लिन आणि छापखाना तिघांचाही उद्धार असतो. 1 फेब्रुवारी हा संत ब्रिजिडचा दिवस, गाईगुरांची राखणदार ती. इथल्या जुन्या गणतीने वसंताचा पहिला दिवस. त्या पहाटे आभाळ फाटल्यासारखा पाऊस असला तरी कायदा म्हणतो, बंदी उठली. मग हवामानाने जरा उसंत दिली की वसंत नाकाने कळतो. बायको म्हणते, वाळत घातलेले कपडे आत घे. मी खिडकी जराशी उघडी ठेवतो. दावणीचा वास आहे तो, थोडा पातळ केलेला.

धाकट्यांना शब्दांचा नाद. त्यांनीच मला सांगितलं की आयरिश भाषेत गाईला 'बो'. रस्त्याला 'बोहर', तोही गाईवरूनच. एक गाय उभी आणि एक आडवी मावेल एवढा रुंद, तो रस्ता, अशी जुनी व्याख्या. मुलाला 'बुअखिल', म्हणजे मुळात गुराखी. मी म्हटलं, आमचा 'गो' आणि तुमचा 'बो' हे सख्खे भाऊ आहेत, हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच शब्दापासून फुटलेले. मग गोठा, गोरज, गोवारी असे शब्द एकेक काढून त्यांच्यापुढे ठेवले. धाकटे खूश. थोरले म्हणाले, "भाऊ असतील तर भांडत असतील." याच मुलखाच्या पुराणात मेव्ह नावाची राणी आणि तिचा नवरा अंथरुणात पडल्या पडल्या कुणाची संपत्ती जास्त यावर हुज्जत घालतात. सगळं सारखं भरतं, नवऱ्याकडे एक बैल जास्त निघतो, आणि त्याच्या तोडीचा बैल मिळवायला राणी युद्ध पुकारते. थोरल्यांच्या मते त्यात न पटण्यासारखं काहीच नाही.

गेल्या शरदात त्यांची टीबीची वार्षिक तपासणी होती. गुरं गोळा करायची म्हणून मलाही बोलावलं. इथे नवख्या माणसाला एकच काम देतात. कुंपणात जिथे फट असेल तिथे त्याला उभं करायचं, हातात प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा द्यायचा आणि सांगायचं, इकडून काही जाऊ द्यायचं नाही. खिंड लढवायची म्हटल्यावर माझ्यातला मराठी माणूस जागा झाला. हात पसरले, छाती काढली. समोरून एक तांबूस कालवड आली. लिमुझीन जातीची. ही जात देखणी आणि डोक्याने तिरकस. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि तोफांचे आवाज होण्याची वाट न बघता मी बाजूला झालो. ती बाहेर पडली, तिच्यामागे आणखी सहा. सगळी परत आणायला अडीच तास लागले. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावरच्या मुलीनेही मला विचारलं, "गेट लावलंस ना नीट?"

डॉक्टरने प्रत्येक जनावराच्या मानेवर दोन जागी केस भादरून दोन सुया टोचल्या. बहात्तर तासांनी येऊन गाठी चाचपल्या. टीबीच्या दोन गाई सापडल्या. एक साधीच. दुसरी म्हातारी, शारोले जातीची पांढरी गाय, जी फाटकाशी येऊन थोरल्यांच्या खिशातली बिस्किटं स्वतः काढून घ्यायची.

भरपाई मिळते. दोन्ही गाई गेल्या, कळपाच्या विक्रीवर बंदी आली. मी गेलो तेव्हा दोघे स्वयंपाकघरात बसले होते. मी मनाशी तयारी करून गेलो होतो. डॉक्टर, सरकार, बॅजर नावाचं बिळात राहणारं रानजनावर, कुणाकुणाचा उद्धार ऐकावा लागेल याची. बॅजरमुळे टीबी पसरते की हरणांमुळे, यावर एरवी त्यांची रात्र सरते. "कसं काय?" विचारलं.

"ग्रँड," थोरले म्हणाले. म्हणजे इथल्या बोलीत 'बरं आहे'. एवढंच. श्वास घेतला नाही, पुढे काही नाही. धाकट्यांनीही खोडून काढलं नाही.

ते ग्रँड मग बरेच दिवस चाललं. रस्त्यात गाडी समोरून आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून करायचा इथला रामराम तेवढा चालू होता. पावसाबद्दल अक्षर नाही. भाव वाढला, अक्षर नाही. बंदी उठायला साठेक दिवसांच्या अंतराने सलग दोन तपासण्या निर्दोष जाव्या लागतात. पहिली गेली. दुसरीलाही मी त्याच फटीत उभा राहिलो, या वेळी पुढ्यात त्यांची चारचाकी आडवी लावून.

दुसरीही निर्दोष निघाली तसे बायकोने बेसनाचे लाडू वळून दिले. डबा घेऊन गेलो. धाकट्यांनी चहा ओतला. थोरल्यांनी लाडू उचलला, उजेडाकडे धरून जनावर पारखावं तसा चोहोबाजूंनी पाहिला, एक घास घेतला आणि बराच वेळ चघळला.

"जरा कोरडा झालाय," ते म्हणाले.

"मग चहात बुडव की," धाकटे.

"चहा गार झालाय."