सर्किटला हात न लावता इलेक्ट्रॉनिक्स येतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, तसं पालक विचारतात, नवीन जॉइन झालेले शिक्षक विचारतात, एकदा तर एक्स्टर्नल म्हणून आलेल्या सरांनीही विचारलं, की ऑनलाइन लॅबमध्ये पोरं खरंच इलेक्ट्रॉनिक्स शिकतात का. शिकतात, पण लॅब खरी हवी. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरमधल्या लॅबमध्ये, १ के चा रेझिस्टर बरोब्बर १००० ओहम दाखवतो, फॉर्म्युला घातला की फॉर्म्युलाच परत मिळतो. रिमोट लॅबमध्ये पार्ट खरा, मीटर खरा, फक्त आपण लांब बसलेलो.

स्वीडनच्या ब्लेकिंगे इन्स्टिट्यूटमध्ये इंग्वार गुस्तावसन यांनी १९९९ मध्ये हे काम सुरू केलं, त्यातून व्हिजिर नावाची लॅब उभी राहिली. स्क्रीनवरच्या ब्रेडबोर्डवर, म्हणजे पार्ट खोचायच्या भोकांच्या पट्टीवर, माउसने वायरी जोडायच्या, तिकडे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, खरे पार्ट तसेच जोडतात, आणि त्याआधी सॉफ्टवेअर तपासतं की काही जळणार तर नाही ना. एक मोजणी सेकंदाच्या आत उरकते म्हणून एकाच सेटअपवर बरीच पोरं एका वेळी काम करतात. आमच्याकडे वीस जणांच्या बॅचला चार सीआरओ (सिग्नलचा आलेख दाखवणारे ऑसिलोस्कोप), एक जण नॉब फिरवणार नि बाकीचे रीडिंग उतरवून घेणार, याचा मला फार त्रास व्हायचा.

म्हणून आम्ही छोटा सेटअप केला, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, रिले बोर्ड, यूएसबीला जोडायचा ऑसिलोस्कोप. प्रयोग साधा, आरसी लो पास, म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटरचा, वरच्या फ्रीक्वेन्सी अडवणारा फिल्टर, १ के आणि ०.१ मायक्रोफॅरड, हिशोबाने कटऑफ, म्हणजे जिथून तो अडवायला लागतो ती फ्रीक्वेन्सी, १५९२ हर्ट्झ. रात्री साडेदहाला एका मुलीचा मेसेज, मॅडम १७३० येतंय, तीनदा केलं, कुठे चुकतंय? म्हटलं कपॅसिटरचा टॉलरन्स बघ, छापलेल्या आकड्यापेक्षा खरी किंमत थोडी वेगळी असू शकते. दुसऱ्या दिवशी तिने तो सॉकेटमधून काढून कपॅसिटर मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर लावला, ०.१ ऐवजी ०.०९२ मायक्रोफॅरड निघाला. मागच्या बॅचच्या जर्नलमधलं १५९२ उतरवून मोकळं होता आलं असतं तिला, तिने १७३० लिहिलं, शेजारी कारण लिहिलं. त्या पानावर सही करताना इतकं बरं वाटलं!

सोल्डरिंग, लूज वायर शोधणं, काहीतरी जळल्याचा वास ओळखणं माउसने येत नाही, त्यामुळे पहिली चार प्रॅक्टिकल हातानेच, त्यात सूट नाही. नंतर घरून हवं तितक्या वेळा करा.

कधी उशीर झाला की बंद लॅबच्या दाराशी रिलेची टकटक ऐकू येते, मी जरा थांबून ऐकते. पुढच्या टर्मला ट्रान्झिस्टरचा सेटअप लावायचाय, बीसी ५४७ आणून ठेवलेत.