मामंजींची खुर्ची आणि फोंड्याचा पाऊस

आषाढातल्या एका सकाळी मामंजींच्या लेदरच्या खुर्चीचा हात पुसायला गेले आणि बोटांना पांढरी भुकटी लागली. वाकून पाहिलं तर शिवणीच्या कडेने बुरशीचे बारीक गोल ठिपके. इथे फोंड्यात पावसाचे चार महिने चपला, पट्टे, पुस्तकं, कशालाच बुरशी सोडत नाही. पण ही खुर्ची मामंजींची. बोटीवरची नोकरी सोडून आले तेव्हा त्यांनी ती सोबत आणली होती. ते गेल्यापासून तिची काळजी मीच घेते.

त्याच्या आदल्या वर्षी माझ्या हातून चूक झाली होती. लेदर कोरडं वाटलं म्हणून घरचं खोबरेल चोळलं. दोन दिवस तकतकी आली, मग पाठीवर काळपट डाग उमटला, तो आजही आहे. मुरलेलं तेल परत निघत नाही. त्याला धूळ चिकटते आणि बुरशीला खाद्य मिळतं.

तेव्हापासून मी आधी लेदर ओळखते. न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब टाकायचा. खुर्चीवर तो बघता बघता आत मुरला आणि तेवढी जागा गडद झाली. हे ॲनिलीन लेदर, वर रंगाचा जाड थर नसलेलं. हात लावला की ऊबदार लागतं, पण घाम, तेल, पाणी सगळं पिऊन टाकतं. हॉलमधल्या सोफ्यावर थेंब मण्यासारखा तसाच राहिला. तिथे वर संरक्षक थर आहे, त्यामुळे घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसलं आणि लगेच कोरडं केलं की काम होतं. भांड्यांचा साबण मात्र कुठल्याच लेदरला नको. लेदर मुळात किंचित आम्लधर्मी असतं आणि साबण बहुधा अल्कधर्मी.

मुलाच्या खोलीतलं स्टूल स्वेडचं, म्हणजे मखमलीसारखी लव असलेल्या लेदरचं आहे. त्याला पाणी नाही, क्रीम तर नाहीच. मऊ ब्रश फिरवायचा, मळकट जागी खोडरबर घासायचा. चहाबरोबरच्या भज्यांचं तेल सांडलं तेव्हा लगेच टाल्कम पावडर पसरून रात्रभर ठेवली, बरंचसं शोषलं गेलं.

जावेच्या सोफ्याचे पापुद्रे निघतात, तिला वाटतं देखभाल कमी पडली. तसं नाही. ते कृत्रिम लेदर आहे. दमट हवेत त्याचा पॉलीयुरेथेनचा थर हळूहळू तुटत जातो, कंडिशनर लावून तो जुळत नाही. उगाच स्वतःला दोष देऊ नये तिने.

बुरशी आली की खुर्ची आधी बाल्कांवात, म्हणजे दाराबाहेरच्या ओसरीत काढते, नाहीतर झाडलेले कण घरभर पसरतात. कोरड्या मऊ ब्रशने झाडायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडकं जेमतेम ओलं करायचं. ॲनिलीनचा रंग यानेही उतरू शकतो, म्हणून आधी खालच्या बाजूला लावून बघायचं. वाळवायचं सावलीतच, उन्हाने लेदर तडकतं.

आता खुर्ची भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवली आहे. प्लॅस्टिकचं आवरण काढून सुती चादर घातली. संध्याकाळी तासभर एसी ड्राय मोडवर चालवते. आज सकाळी शिवणीवरून बोट फिरवलं, कोरडी लागली.