टोल्युइनमधली हळद

फेब्रुवारीत मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे सुरू झाले की सांगलीत आमच्या रसायनशास्त्र विभागातही हळद येऊन पोहोचते, कारण एम.एस्सी.च्या प्रकल्पांसाठी इतके स्वस्त, हाताशी असलेले आणि अतिनील दिव्याखाली इतके देखणे चमकणारे द्रव्य दुसरे नाही. त्या वर्षी हरिपूरकडच्या एका विद्यार्थिनीने घरची हळद आणली होती. स्वतःच्या रानातली, घरीच शिजवून, वाळवून दळलेली.

दुपारी तिने माझ्यासमोर दोन परीक्षानळ्या धरल्या. पूड एकच, पण एका नळीत ती अल्कोहोलमध्ये आणि दुसरीत टोल्युइन या पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकात भिजवून गाळलेली होती. साध्या उजेडात दोन्ही पिवळ्या. 365 नॅनोमीटरच्या टॉर्चखाली मात्र अल्कोहोलची नळी पिवळसर हिरवी उजळली आणि टोल्युइनची निळसर हिरवी. मी घाईत होतो. टोल्युइनमध्ये काहीतरी परके द्रव्य उतरले असावे असे म्हणून मी तिच्या जर्नलमध्ये लाल शाईने ‘नमुना संशयास्पद’ असा शेरा मारला.

‘‘सर, घरात खायच्या हळदीत आम्ही भेसळ कशाला करू?’’ ती म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून आम्ही मोजायला बसलो.

हळदीला पिवळा रंग देणारा कर्क्युमिन 420 ते 430 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वाधिक शोषतो, आणि शोषणाचे आलेख दोन्ही द्रावकांत जवळजवळ एकमेकांवर बसले. द्रावणे आम्ही इतकी विरळ केली होती की शोषणांक, म्हणजे द्रावण किती प्रकाश अडवते याचे माप, 0.1 च्या खाली राहावा. दाट द्रावण स्वतःचाच प्रकाश गिळते आणि आलेख फसवा निघतो. उत्सर्जनात, म्हणजे द्रावणाने परत बाहेर टाकलेल्या प्रकाशात, मात्र मोठे अंतर होते. अल्कोहोलमधले शिखर 540 च्या आसपास, तर टोल्युइनमधले बरेच अलीकडे, निळ्या बाजूला. शोषण तेच आणि उत्सर्जन निराळे, हे पाहताक्षणी माझी चूक मला कळायला हवी होती. कळली ती चहा पिताना.

प्रकाश शोषला जातो त्या क्षणी भोवतीच्या द्रावकाला हलायला सवडच नसते, म्हणून शोषणावर द्रावकाचा ठसा पुसट उमटतो. त्यानंतर मात्र कर्क्युमिनमधला विद्युतभार नव्याने वाटला जातो, रेणूची ध्रुवीयता (एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण भार असणे) वाढते, आणि अल्कोहोलसारख्या ध्रुवीय द्रावकाचे रेणू पिकोसेकंदांच्या हिशेबात त्याच्याभोवती वळून बसतात. त्यामुळे उत्तेजित रेणूची ऊर्जा खाली येते आणि बाहेर पडणारा प्रकाश लांब तरंगलांबीचा होतो. द्रावक किती ध्रुवीय हे ढोबळपणे सांगणारा परावैद्युत स्थिरांक आमच्या अल्कोहोलचा, म्हणजे इथेनॉलचा, 24 च्या वर आणि टोल्युइनचा जेमतेम 2.4; तिथे असे सावरून घेणारे कुणी नाही, म्हणून प्रकाश निळ्याकडेच राहतो.

तरीही तर्कावर शेरा खोडणे मला पटेना. टोल्युइनचे द्रावण आम्ही रोटरीवर (फ्लास्क फिरवत कमी दाबाखाली द्रावक उडवून लावणारे यंत्र), फ्लास्कला फॉइल गुंडाळून सुकवले (कर्क्युमिन उजेडात खराब होतो) आणि उरलेला पिवळा थर अल्कोहोलमध्ये विरघळवला. त्याचे शिखर पहिल्या नळीच्या शिखरावर जाऊन बसले, म्हणजे द्रव्य तेच होते.

एवढ्यावर थांबता आले असते, पण तिचा हात आता थांबेना. तिने त्यात पाणी घालत नेले तसा प्रकाश मंदावत गेला, कारण पाण्याचे रेणू कर्क्युमिनशी हायड्रोजन बंध जोडतात आणि घेतलेली ऊर्जा उजेडाऐवजी उष्णतेच्या वाटेने निघून जाते. जवळजवळ पाणीच उरले तेव्हा आलेखात 490 जवळ एक बारीक उंचवटा तेवढा दिसत होता, तो तिला हळदीचा वाटला. मी उत्तेजनाची, म्हणजे द्रावणावर टाकलेल्या प्रकाशाची, तरंगलांबी 420 वरून 430 केली, तर उंचवटाही 504 कडे सरकला. रेणूचे शिखर असे मागोमाग येत नाही. तो पाण्याने विखुरलेला, विखुरताना ठरावीक ऊर्जा गमावलेला रामन प्रकाश होता, ज्याच्या शोधाचा दिवस आम्ही त्याच महिन्याच्या 28 तारखेला साजरा करणार होतो.

शेवटी त्याच नळीत सोडियम लॉरिल सल्फेटची चिमूट टाकली आणि ती पुन्हा उजळली. या साबणी द्रव्याचे रेणू पाण्यात एकत्र येऊन तेलकट गाभ्याचे सूक्ष्म गोळे करतात, आणि कर्क्युमिनला त्यांच्यात पाण्यापासून आडोसा मिळतो. ती नळी तिने तीनदा टॉर्चखाली धरून पाहिली.

निघताना तिने जर्नल पुढे केले. मी शेरा खोडून सही केली; खाली तारीख घालायला तिने सांगितले, तीही घातली.