मॅसेडोनियाच्या नावाचं भांडण

आपल्या देशाचं नाव काय ठेवायचं हे शेजाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असणं कसलं असेल? ग्रीसच्या उत्तरेला असलेल्या मॅसेडोनियाच्या लोकांनी हे सत्तावीस वर्षं भोगलंय आणि त्यांच्याबद्दल वाचलं की मला खरंच वाईट वाटतं.

१९९१ ला युगोस्लाव्हिया फुटत होता तेव्हा हे लोक सार्वमत घेऊन त्यातून शांतपणे बाहेर पडले, नाव घेतलं मॅसेडोनिया प्रजासत्ताक, आणि ग्रीस भडकला. कारण ग्रीसच्या उत्तर भागाचं नावही मॅसेडोनियाच, थेस्सालोनिकी शहर तिथलंच, आणि प्राचीन मॅसेडोनियाचा राजा अलेक्झांडर (सिकंदर) आमचा, तुम्ही स्लाव्ह भाषा बोलणारे कितीतरी शतकांनी आलात, आज नाव घेताय उद्या जमीन मागाल, असं त्यांचं म्हणणं. ही भीती अगदीच हवेतली नव्हती हेही मान्य करायला हवं, १९४६ ते ४९ च्या ग्रीक यादवी युद्धात त्या भागातले हजारो स्लाव्हभाषिक घरदार सोडून गेले होते, त्या जखमा ताज्याच होत्या.

पण मग १९९३ ला युनायटेड नेशन्समध्ये घेतलं ते 'माजी युगोस्लाव्ह मॅसेडोनिया प्रजासत्ताक' म्हणून. म्हणजे जो देश सोडून आलो त्याचंच नाव गळ्यात, वर 'माजी'. तिथे देश नावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने बसतात, पण एम अक्षरात बसायला ग्रीसचा विरोध, म्हणून 'द फॉर्मर'चा टी धरून थायलंडच्या शेजारी खुर्ची. झेंड्यावर सोळा किरणांचा सूर्य होता, तो ग्रीसमधल्या व्हर्जिनाच्या उत्खननात सापडलेला, त्यावरूनही वाद, ग्रीसने १९९४ ला व्यापार बंद केला आणि १९९५ ला झेंडा बदलावा लागला.

नंतर त्यांच्या सरकारनेही चूक केलीच. राजधानी स्कोप्येच्या मुख्य चौकात अलेक्झांडरचा भलामोठा पुतळा, एअरपोर्टलाही तेव्हा त्याचंच नाव दिलं होतं. मला हे मुद्दाम डिवचणं वाटतं, त्यातून मिळालं काहीच नाही.

२०१८ ला प्रेस्पा तलावाकाठी मॅसेडोनियाचे झाएव्ह आणि ग्रीसचे त्सिप्रास या दोन पंतप्रधानांच्या उपस्थितीत करार झाला. देश 'उत्तर मॅसेडोनिया', पण भाषा मॅसेडोनियनच राहणार. ही भाषेची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते, कारण नाव पासपोर्टवर असतं, भाषा घराघरात. सार्वमतात नव्वद टक्क्यांच्या वर होकार आला पण निम्म्याहून जास्त लोक मतदानाला गेलेच नाहीत, तरी संसदेने घटना बदलली आणि २०२० ला नाटोत प्रवेश मिळाला.

एवढं सगळं करून युरोपियन युनियनच्या दारात पोचले तर २०२० च्या शेवटी बल्गेरियाने अडवलं, म्हणे तुमची भाषा वेगळी नाहीच, ती बल्गेरियनच. हे मला अजिबात पटत नाही. ग्रीसचं भांडण निदान एका नावाचे दोन दावेदार असं तरी होतं, इथे तर माणसं जी भाषा बोलतायत, जिच्यात शाळा चालतायत, तिलाच नाही म्हणायचं आणि त्यासाठी आख्ख्या देशाला ताटकळत ठेवायचं.