शिळी दिवाळी

आमच्या घरी दिवाळी अंक येतात ते होळीच्या सुमारास. गाजलेले तर रामनवमीनंतरच. आम्ही पडलो वाचनालयाचे सभासद. अंकांची वेगळी वर्गणी एकदाच भरायची, एक अंक न्यायचा, परत करून दुसरा न्यायचा, अशी योजना. नोव्हेंबरात चपळ मंडळी चांगले अंक पळवतात. आपण काउंटरवर नाव घ्यायचा अवकाश, ताई मान वर न करता म्हणतात, "बाहेर गेलाय." मग हाती लागतो आरोग्य विशेषांक. एका जानेवारीत मी मधुमेहावर इतकं वाचलं, की रात्री तहान लागली तरी घाबरायचो.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची सवय लागली. आम्ही पन्ह्याबरोबर वाचतो, इतकाच फरक.

मध्यंतरी मुलीने सहा अंकांचा संच घरपोच मागवून दिला. कोरे करकरीत. परत करायची तारीखच नसल्यामुळे ते अजून टीपॉयखाली आहेत.

शिळ्या अंकात राशिभविष्य वाचण्यासारखं असतं. 'डिसेंबरात वाहनखरेदीचे योग' हे एप्रिलात वाचताना आठवतं, डिसेंबरात आपण स्कूटरचं पंक्चर काढलं होतं. आमची आई भविष्याला मार्क देते. यंदा कन्या राशीला बारापैकी चार मिळाले.

आणि शिळ्या अंकात आधीचे वाचक भेटतात. एका पानावर तुपकट अंगठा असतो. हे पान बहुधा खऱ्या दिवाळीत वाचलेलं. कुणी स्पर्धेचं कूपन कापून नेलेलं असतं, त्यामुळे मागच्या कथेत ऐन भांडणाच्या जागी चौकोनी खिडकी. आमच्याकडे एक पेन्सिलवालेही आहेत. बाई की बुवा, ठाऊक नाही. बारीक, तिरकं अक्षर. कथा संपली की खाली शेरा: 'ओढूनताणून', 'बरी', क्वचित 'वा'. पुस्तकात लिहिणाऱ्यांचा मला राग आहे, पण हल्ली मी कथेआधी शेराच बघतो.

दोन वर्षांपूर्वी एका कथेत नोकरी गेलेला नवरा घरी न सांगता रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा. खाली शेरा होता, 'नवरा असा वागणार नाही.'

मला राहवेना. कारण एकेकाळी मीही तीन आठवडे नऊच्या ठोक्याला डबा घेऊन निघत असे. याच वाचनालयाच्या मोफत विभागात बसून सगळी वर्तमानपत्रं छोट्या जाहिरातींसकट वाचायची, डबा मागच्या जिन्यात खायचा आणि साडेसहाला दमल्यासारखं तोंड करून घरी यायचं. बायकोला सगळं पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. डब्यात तेव्हा रोज गोडाचं काहीतरी असायचं.

मी शेऱ्याखाली लिहिलं, 'वागतो. मी वागलोय.' आणि चोरासारखा अंक परत करून आलो.

गेल्या महिन्यात वाचनालयाने जुने अंक दहा-दहा रुपयांना काढले. गठ्ठ्यात तो अंक दिसला, तिथेच उभ्याने उघडला. माझ्या ओळीला उत्तर नव्हतं. फक्त वरच्या शेऱ्यातला 'नाही' पेन्सिलीने खोडला होता.